फ्रेंच हॉर्नमधला फ्रेंच कुठे गेला?

लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्यांना एक भलतीच काळजी असायची. हॉल मेथडिस्ट चर्चचा, आवाज तिथे असा खुलायचा की रेकॉर्ड कंपन्या त्याच्यावर जीव टाकत. पण खालून ट्यूब रेल्वे जायची. गाडी गेली की तिची घरघर मायक्रोफोनमध्ये उतरायची. त्या काळातल्या कित्येक नामांकित रेकॉर्डांवर कान देऊन ऐकलं तर ती आजही सापडते.

1953 च्या नोव्हेंबरात याच हॉलमध्ये हर्बर्ट फॉन कारायान फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा घेऊन मोझार्टचे चार हॉर्न कॉन्चेर्टो मुद्रित करत होते. हॉर्नवर होता बत्तीस वर्षांचा डेनिस ब्रेन. त्याच्या समोरच्या स्टँडवर स्वरलिपीऐवजी मोटारींचं मासिक उघडं असायचं, असं सांगतात. चारही कॉन्चेर्टो त्याला तोंडपाठ होते आणि मोटारींचं वेड जबरदस्त होतं, तेव्हा गोष्ट खरी असायला हरकत नाही. पुढच्या वर्षी ही रेकॉर्ड बाजारात आली. हॉर्न या वाद्याची एकच रेकॉर्ड घरात ठेवायची तर कोणती, असं विचारलं की निम्मे जाणकार आजही हिचंच नाव घेतात.

पण डेनिसच्या हातात त्या दिवशी जे वाद्य होतं ते जर्मनीतल्या माइन्त्सचं, अलेक्झांडर नावाच्या कारखान्यातलं. दोनच वर्षांपूर्वीपर्यंत तो पॅरिसच्या राऊ घराण्यानं घडवलेला जुना हॉर्न वाजवत होता. त्याचे वडीलही फ्रेंच हॉर्नच वाजवत. इंग्रजीत ज्याला ‘फ्रेंच हॉर्न’ म्हणतात, तो खरोखर फ्रेंच असण्याचे दिवस लंडनमध्ये संपत आले होते. ही अदलाबदल कशी झाली हे समजून घ्यायला बरंच मागं जावं लागतं.

मुळात हे शिकारीचं वाद्य. चौदाव्या लुईच्या फ्रान्समध्ये राजेरजवाडे रानात शिकारीला निघत. हरीण कुठल्या दिशेला पळालं, पाण्यात उतरलं की पडलं, हे घोड्यावरून एकमेकांना कळवायला पितळेची लांबलचक नळी गोल वेटोळी करून खांद्यात अडकवलेली असे. चार मीटरहून लांब नळी, एका टोकाला ओठ टेकवायला मुखडा, दुसऱ्या टोकाला कर्णा. आपल्या तुतारीसारखीच ही गोष्ट: बोटांना काम नाही, भोकं नाहीत, सगळा खेळ ओठ आणि श्वासाचा. 1680 च्या सुमारास बोहेमियाचा एक हौशी सरदार, काउंट श्पोर्क, पॅरिसला आला. हा आवाज ऐकून तो इतका भारावला की त्यानं आपली दोन माणसं तिथेच ठेवून घेऊन हे वादन शिकवलं. पुढची शंभर वर्षं युरोपभर उत्तम हॉर्नवादक पुरवण्याचं काम बोहेमियानं केलं, त्याचं मूळ या एका सरदाराच्या लहरीत आहे.

अशा साध्या नळीतून कोणते सूर निघतात? तंबोऱ्याचा खर्ज छेडला आणि शांत ऐकलं, तर त्यातून गांधार आपोआप उमटतो. गाणारे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. नळीचंही तेच. ओठ जसे आवळाल तसा एकेक स्वयंभू सूर निघतो: षड्ज, त्यावर पंचम, मग वरचा षड्ज, गांधार, पुन्हा पंचम, जरा उतरलेला कोमल निषाद. खालच्या भागात हे सूर एकमेकांपासून ऐसपैस अंतरावर आहेत. वर जाल तशी दाटी होते. वरच्या सप्तकात षड्ज, रिषभ, गांधार असे सलग मिळू लागतात. पण तिथला मध्यम ना शुद्ध ना तीव्र, मधेच कुठेतरी लोंबकळणारा. हॉर्नवादक जगतो तो याच वरच्या दाटीत. तिथे ओठ केसभर ढिले पडले की शेजारचा सूर लागतो, किंवा दोन्हींच्या मधे काहीतरी चिरकतं. ऑर्केस्ट्रात सगळ्यात जास्त घाम हॉर्नवाल्याला का फुटतो, याचं उत्तर इथे आहे.

अठराव्या शतकाच्या मध्याला ड्रेस्डेनच्या आंटोन हाम्पेल या वादकानं एक युक्ती रुळवली. वाद्य खाली वळवून धरायचं आणि उजवा हात कर्ण्याच्या आत घालायचा. हात कमी-जास्त मिटला की सूर उतरतो किंवा चढतो, आणि मधल्या रिकाम्या जागा भरता येतात. झाकलेला सूर किंचित दबका, नाकातून आल्यासारखा येतो; मोकळा सूर खणखणीत. हा फरक त्या काळच्या रचनाकारांना दोष वाटला नाही, त्यांनी त्याचे रंग केले. मोझार्टनं आपले कॉन्चेर्टो लिहिले ते योझेफ लॉइटगेब या मित्रासाठी. त्यांतल्या एकाच्या हस्तलिखितात लाल, हिरवी, निळी, काळी शाई वापरली आहे आणि दुसऱ्यात लॉइटगेबची टवाळी करणारे इटालियन शेरे जागोजागी मारले आहेत. बेथोव्हेननं 1800 मध्ये हॉर्न सोनाटा लिहिला तो पुंटोसाठी. हा पुंटो मुळात श्टिख नावाचा बोहेमियन. एका सरदाराच्या चाकरीतून पळाला आणि इटालियन नाव घेऊन युरोप गाजवला. त्याच्याकडचा चांदीचा हॉर्न पॅरिसच्या राऊंनी 1778 मध्ये घडवलेला होता.

राऊ हे नाव लक्षात ठेवण्यासारखं. हॉर्न घडवणं म्हणजे तांबटाचंच काम, फक्त फार नाजूक. पितळेचा पत्रा कापून, जोड डाखून, साच्यावर ठोकत ठोकत कर्णा पातळ करत न्यायचा. नळी वाकवण्याआधी आत शिसं किंवा डांबर ओतून ती भरीव करायची, म्हणजे वाकताना चुरगळत नाही. मग ते वितळवून काढून टाकायचं. पत्रा किती पातळ, नळी कुठे किती रुंद, यावर आवाज ठरतो. राऊंचे हॉर्न अरुंद नळीचे आणि हलके असत. हळू वाजवलं तर गाणाऱ्या गळ्यासारखे, जोरात वाजवलं की पितळ तापल्यासारखे झळझळणारे.

मग आले व्हॉल्व्ह. सायलीशियातला हॉर्नवादक हाइनरिश श्ट्योल्त्सेल यानं नळीला जादा वळसे जोडले आणि कळ दाबली की हवा त्यातून फिरून जाईल अशी सोय केली. नळी एका क्षणात लांब होते आणि स्वयंभू सुरांचा सगळा संचच खाली सरकतो. ब्ल्यूमेल नावाच्या जोडीदाराबरोबर त्यानं बर्लिनमध्ये पेटंट घेतलं ते 1818 साली.

जर्मनांनी ही कल्पना उचलून धरली. फिरत्या चकतीचे व्हॉल्व्ह काढले, नळी रुंद केली, कर्णा मोठा केला. फ्रान्सचं मन मात्र वळेना. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉअरमध्ये मेफ्रे यांनी 1833 पासून व्हॉल्व्ह-हॉर्नचा वर्ग चालवला. 1864 मध्ये ते निवृत्त झाले आणि वर्ग बंद पडला. पुढची तीसहून अधिक वर्षं त्या जगप्रसिद्ध संस्थेत फक्त हातानं सूर झाकण्याचा हॉर्न शिकवला जात होता. वाग्नर वाजून जुना होत आला तरी! यात हेकटपणा होता हे उघड आहे. पण त्या हेकटपणामुळे अरुंद नळीचा जुना आवाज टिकला, हेही तितकंच खरं. फ्रेंचांनी शेवटी व्हॉल्व्ह घेतले ते वर-खाली सरकणारे पिस्टन, आणि बसवले जुन्याच हलक्या हॉर्नवर.

जर्मनीत एव्हाना वेगळाच विचार चालू होता. सर्वमान्य हॉर्न ‘एफ’ स्वराचा, नळी सुमारे बारा फूट. हीच नळी नऊ फुटांवर आणून ‘बी फ्लॅट’ची केली तर? तोच सूर आता संचातल्या खालच्या, ऐसपैस जागेवर येतो. शेजारचा सूर लागण्याचा धोका घटतो. मात्र आवाजातली खोली जरा जाते. एर्फुर्टच्या क्रुस्पे कारखान्यानं 1897 च्या सुमारास दोन्ही नळ्या एकाच वाद्यात बसवल्या आणि अंगठ्याच्या कळीनं हवी ती निवडायची सोय केली. हा ‘डबल हॉर्न’. माइन्त्सच्या अलेक्झांडर मंडळींनी, म्हणजे 1782 पासून चालत आलेल्या घराण्यानं, 1909 मध्ये आपला 103 क्रमांकाचा नमुना काढला. तो आजही जगभर विकत घेतला जातो.

इंग्लंडचा कल या भांडणात फ्रान्सकडे होता. गंमत अशी की तो आवाज तिथे रुजवला एका जर्मनानं. आडोल्फ बोर्सडोर्फ 1879 मध्ये सॅक्सनीहून लंडनला आले, तिथल्या चालीप्रमाणे राऊचा हॉर्न हाती घेतला आणि पिढ्या घडवल्या. 1904 मध्ये क्वीन्स हॉलच्या हेन्री वुड यांनी बदली वादक पाठवण्याच्या पद्धतीवर बंदी आणली. त्या काळी वादक जास्त पैशाचं काम मिळालं की तालमीला भलत्यालाच धाडून देत! चिडून बाहेर पडलेल्यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यातल्या चार हॉर्नवाल्यांना लोक कौतुकानं ‘देवाची चौकडी’ म्हणत. त्यात बोर्सडोर्फ होते आणि ए. ई. ब्रेन होते. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनद्वेषाची लाट आली आणि जो ऑर्केस्ट्रा त्यांनी उभारला होता त्यातूनच बोर्सडोर्फना बाहेर पडावं लागलं.

ए. ई. ब्रेन यांचे दोन मुलगे, आल्फ्रेड आणि ऑब्री. दोघंही बोर्सडोर्फचे शिष्य. आल्फ्रेड 1922 मध्ये अमेरिकेला गेले आणि लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकमध्ये स्थिरावले, ज्याची सूत्रं पुढे आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी हाती घेतली. ऑब्री लंडनमध्येच राहिले आणि 1930 मध्ये बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू झाला तेव्हा त्याचे मुख्य हॉर्नवादक झाले. जर्मन हॉर्न त्यांना खपत नसे.

त्यांचा 1933 चा ब्राह्म्सचा हॉर्न ट्रायो आज सहज ऐकायला मिळतो. व्हायोलिनवर आडोल्फ बुश, पियानोवर रुडोल्फ सेर्किन. सेर्किन ज्यू, नाझी राजवटीच्या निषेधार्थ बुश यांनी त्याच वर्षी जर्मनीतल्या मैफली सोडल्या होत्या. जर्मन रचनाकार, जर्मनीला पाठ फिरवलेले दोन वादक, इंग्रज हॉर्नवादक आणि फ्रेंच वाद्य. पहिल्या भागात ऑब्रींचा हॉर्न व्हायोलिनच्या अंगावर येत नाही. बाजूला बसून बोलतो. सूर इतका बारीक धरलेला की तुटेल की काय असं वाटतं, आणि तुटत नाही. रुंद नळीच्या हॉर्नवर हा तोल साधायला वादकाला सतत स्वतःला आवरावं लागतं.

आता यामागचं काम डोळ्यांसमोर आणा. रेकॉर्ड मेणाच्या जाड चकतीवर थेट कोरली जायची. एका बाजूला चार-साडेचार मिनिटं. चौथ्या मिनिटाला हॉर्न चिरकला तर कापाकापी नाही, जोडाजोडी नाही. ती चकती बाद आणि सगळी बाजू पहिल्यापासून. मैफलीत सूर फुटला तर लोक दुसऱ्या क्षणी विसरत. रेकॉर्डवर तो कायमचा. घरी बसलेला माणूस तीच तबकडी पन्नास वेळा लावणार आणि पन्नास वेळा त्या जागी तोंड वाकडं करणार.

माझ्या मते फ्रेंच आवाजाला लागलेली खरी वाळवी हीच. पुस्तकांत इतर कारणंही देतात आणि ती खोटी नाहीत. 1930 मध्ये तोस्कानिनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक घेऊन लंडनला आले आणि त्यांच्या जर्मन घडणीच्या हॉर्नांचा भरदार, निर्धोक आवाज ऐकून स्थानिक वादक चपापले. वाग्नर-श्ट्राउसच्या रचनांना दणकट हॉर्न लागत होते. पण पाहुणे येतात आणि जातात. रेडिओ आणि रेकॉर्ड रोज घरात बोलत होते, आणि त्यांनी श्रोत्याच्या कानाला निर्दोषपणाची सवय लावली. ती सवय लागल्यावर बारा फुटी अरुंद नळीवर कसरत करत बसायला कोण तयार होणार?

डेनिस हा ऑब्रींचा धाकटा मुलगा, जन्म 1921. 1936 मध्ये रॉयल अकॅडमीत वडिलांकडेच शिकायला बसला आणि 1938 मध्ये पहिल्यांदा व्यावसायिक मंचावर आला तो वडिलांच्या शेजारी दुसरा हॉर्न घेऊन, बाखच्या पहिल्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टोत. त्याचा राऊ हॉर्न मूळचा 1818 च्या सुमाराचा, हातानं सूर झाकायचा. पिस्टन त्याला मागाहून बसवलेले. म्हणजे बर्लिनमध्ये व्हॉल्व्हचं पेटंट निघालं त्याच सुमारास पॅरिसमध्ये तो व्हॉल्व्हशिवाय जन्माला आला होता. युद्धात डेनिस हवाई दलाच्या बँडमध्ये होता. तिथे त्याला बेंजामिन ब्रिटननं हेरलं आणि त्याच्यासाठी व पीटर पिअर्सच्या गळ्यासाठी ‘सेरेनेड’ लिहिली. ऑक्टोबर 1943 मध्ये ती विग्मोर हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. पुढच्या वर्षी डेक्का कंपनीनं ती मुद्रित केली. तिच्या सुरुवातीला आणि शेवटी हॉर्न एकटा आहे आणि ब्रिटनची सूचना अशी की तिथे व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. तो लोंबकळणारा मध्यम, तो उतरलेला निषाद, जसे नळीत आहेत तसेच. काही श्रोत्यांना वादक बेसूर वाटला! हे मुद्दाम आहे, असं ब्रिटनला सांगावं लागलं. एरवी ज्या सुरांना दीडशे वर्षं दडपण्याची खटपट चालली, त्यांना एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

युद्धानंतर डेनिस फिलहार्मोनिया आणि कंडक्टर बीचम यांचा रॉयल फिलहार्मोनिक, दोन्हीकडे मुख्य हॉर्नवादक होता. हिंडेमिथनं त्याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला. कामाचा धबडगा असा की सकाळी रेकॉर्डिंग, दुपारी तालीम, संध्याकाळी मैफल. अखेर 1951 मध्ये त्यानं राऊ बाजूला ठेवला आणि ‘बी फ्लॅट’चा अलेक्झांडर घेतला. वडील तेव्हा हयात होते. डेनिसनं एक मात्र केलं: नव्या हॉर्नची मुखाकडची नळी अरुंद करून घेतली, राऊच्या मापाच्या जवळ जाणारी. जर्मन अंगात फ्रेंच गळा. म्हणून 1953 चा मोझार्ट ऐकताना कोडं पडतं. हॉर्न जर्मन आहे, पण वाक्य उचलण्याची, सोडण्याची, सूर हलका ठेवण्याची रीत राऊवर घडलेली आहे. ही रेकॉर्ड जगभर गेली आणि असं वाजवायचं असेल तर अलेक्झांडर घ्यावा, असा धडा अनेकांनी घेतला. तो अर्धाच धडा होता.

नळी म्हणजे नळी, हे डेनिसनं एकदा चारचौघांत सिद्धही करून दाखवलं. नोव्हेंबर 1956 मध्ये जेरार्ड हॉफनुंग या व्यंगचित्रकारानं रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये विनोदी संगीताचा जलसा भरवला. डेनिसनं तिथे बागेत पाणी घालायच्या रबरी पाइपावर लिओपोल्ड मोझार्टची एक रचना वाजवली. लोक हसून बेजार झाले, पण सूर जागच्या जागी होते.

31 ऑगस्ट 1957 च्या रात्री फिलहार्मोनियानं एडिंबरो महोत्सवात चायकोव्हस्कीची ‘पॅथेटिक’ सिम्फनी वाजवली. ती आटोपून डेनिस आपल्या ट्रायम्फ टीआर-2 गाडीनं रातोरात लंडनकडे निघाला. पहाटे सहाच्या सुमारास हॅटफील्डजवळ, डी हॅविलँड विमान कारखान्यासमोर, गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. तो छत्तीस वर्षांचा होता. फ्रान्सिस पूलँकनं त्याच्या स्मरणार्थ हॉर्न आणि पियानोसाठी शोकगीत लिहिलं. लंडनमध्ये फ्रेंच हॉर्नचा मागमूस त्यानंतर झपाट्यानं पुसला गेला. फिलहार्मोनियात त्याच्या खुर्चीवर आलेला ॲलन सिव्हिल हा ऑब्रींचाच शिष्य, पण डबल हॉर्नवाला. 1966 मध्ये बीटल्सच्या ‘फॉर नो वन’ गाण्यात मधेच जो हॉर्न येतो, तो त्याचाच. तिकडे अमेरिकेत क्रुस्पेच्या धर्तीवर काढलेला कॉन कंपनीचा 8-डी हॉलिवूडच्या पार्श्वसंगीतातून सिनेमाघरोघर पोचला होता. व्हिएन्ना आपला जुना, वेगळ्या व्हॉल्व्हचा एफ हॉर्न धरून बसलं आणि आजही बसलं आहे. पॅरिसमध्ये ल्यूसियाँ थेव्हे यांच्यासारख्यांनी गाण्यासारखा कंप देणारा आवाज बराच काळ राखला, पण त्यांच्यानंतरची पिढी जर्मन घडणीच्या वाद्यांकडे वळली. फ्रेंच हॉर्न फ्रान्समध्येही उरला नाही. 1971 मध्ये आंतरराष्ट्रीय हॉर्न सोसायटीनं ठराव केला की इंग्रजीत या वाद्याला नुसतं ‘हॉर्न’ म्हणावं.

वाचकांनी एक करून पाहावं. एका संध्याकाळी ऑब्रींचा 1933 चा ब्राह्म्स, मुलाची 1944 ची सेरेनेड आणि मग 1953 चा मोझार्ट, याच क्रमानं ऐकावं. तिन्ही मिळून दीड-दोन तास लागतील. डेनिसचा अलेक्झांडर अपघातात चेपून गेला होता. लंडनच्या पॅक्समन कारागिरांनी तो सरळ केला आणि तो रॉयल अकॅडमीच्या संग्रहालयात ठेवला आहे.